टेलपर्यंत उजेड
(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्या बॅचने शाळेच्या रंगमंचाला एलईडी पट्टीची रोषणाई भेट द्यायची ठरवली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर आपल्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली होती. पट्टी पांढरी घ्यायची की सोनेरी, रिमोटवाली की साधी, बारामतीच्या बाजारातून आणायची की ऑनलाइन मागवायची, सगळं बोलून झालं. ती पट्टी चालणार कशावर, हे मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी एकाने लिहिलं, ‘त्याला एक अडॅप्टर लागतो, दुकानदार देतो तो.’ तिथे मी मध्ये पडले आणि त्याची शिक्षा म्हणून आज इथे उभी आहे.

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि पोट भरते सॉफ्टवेअरवर. त्यामुळे मी वायरमन नाही, हे आधीच सांगते. पण पट्टीचा सप्लाय निवडायला जेवढं शास्त्र लागतं, तेवढं सगळं आपल्याला याच शाळेत दहावीपर्यंत शिकवलेलं आहे. ओहमचा नियम, शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, आणि एकसर व समांतर जोडणी. एवढ्या तीन गोष्टींवर आजचं भाषण होऊ शकतं.

दुकानात या वस्तूला अडॅप्टर, एसएमपीएस, ड्रायव्हर, कधी चोक, अशी चार नावं आहेत. मी सरळ ‘सप्लाय’ म्हणणार आहे. घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिची १२ किंवा २४ व्होल्टची डीसी करून देणारा डबा, एवढाच त्याचा अर्थ.

आता पट्टीत काय असतं ते बघू. १२ व्होल्टची साधी पट्टी जवळून पाहिलीत, तर दर तीन एलईडीनंतर कात्रीची खूण दिसते. मीटरला ६० एलईडी असतील तर ही खूण दर ५ सेंटिमीटरला येते. त्या प्रत्येक तुकड्यात तीन एलईडी आणि एक छोटा रोध एकसर जोडलेले असतात, आणि असे सगळे तुकडे एकमेकांना समांतर. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. तिघांचे झाले ९.६. बारातले उरले २.४ व्होल्ट, ते त्या रोधावर पडतात. रोध १२० ओहमचा धरा. २.४ भागिले १२० म्हणजे ०.०२ अँपिअर, म्हणजे २० मिलिअँपिअर. एलईडीला हवी तेवढीच धारा.

या गणितात एक गोम आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एलईडी आपले ९.६ व्होल्ट जवळजवळ धरून ठेवतात. व्होल्टेज वरखाली झालं की तो सगळा फरक एकट्या रोधावर येतो. समजा १२ च्या जागी १४.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे फक्त २० टक्के जास्त. रोधावर आता २.४ ऐवजी ४.८ व्होल्ट पडले, म्हणजे कागदावर धारा दुप्पट झाली. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरेल, कारण एलईडीही जरासे व्होल्ट जास्त घेतात. पण पट्टी तापून लवकर मरायला तेवढं पुरतं. उलट, १२ च्या जागी १०.५ पोचले, तर रोधावर उरतात ०.९ व्होल्ट आणि उजेड निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडला तरी उजेडात आणि आयुष्यात मोठा फरक पडतो. म्हणून पट्टीपेक्षा सप्लाय निवडताना जास्त डोकं लावायचं.

पहिली पायरी सोपी आहे. पट्टीवर १२ लिहिलं असेल तर सप्लाय १२ चा, २४ लिहिलं असेल तर २४ चा. आणि तो स्थिर व्होल्टेज देणारा हवा. इथे बाजारात गोंधळ होतो, कारण छतात बसवायच्या गोल दिव्यांचे ड्रायव्हरही तसेच दिसतात. ते स्थिर धारा देणारे असतात. त्यांच्यावर ‘३०० मिलिअँपिअर, ३० ते ४२ व्होल्ट’ असा व्होल्टेजचा पट्टा छापलेला असतो. आपल्या पट्टीत धारा ठरवण्याचं काम तो छोटा रोध करतो, म्हणून तिला स्थिर व्होल्टेज लागतं. डब्यावर व्होल्टेजचा एकच आकडा असेल तर तो आपला. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असेल तर परत ठेवायचा.

दुसरी पायरी वॅटची. पट्टीच्या रिळावर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं. मीटरला ६० छोटे एलईडी असलेली पट्टी साधारण ४.८ वॅटची. तेवढेच मोठे, ज्यांना दुकानदार ५०५० म्हणतात, ते असतील तर १४.४ वॅट, कारण त्या एका एलईडीच्या पोटात तीन असतात. मीटर गुणिले वॅट करा आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने भागा. तेवढ्या वॅटचा किंवा त्याच्या वरचा सप्लाय घ्या. म्हणजे डब्यावर लिहिलेल्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंतच त्याला राबवायचं.

हे ८० टक्के का, ते इंदापूर तालुक्यातल्या माझ्या नात्यातल्या एका घराच्या उदाहरणावरून सांगते. हॉलमध्ये नवीन पीओपी केलं आणि छताच्या कडेने १० मीटर पट्टी फिरवली, मीटरला १४.४ वॅटची. एकूण १४४ वॅट. काम करणाऱ्याने लावला १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय, म्हणजे १२० वॅटचा. वास्तुशांतीला हॉल झगमगला. पहिला उन्हाळा संपायच्या आत पट्टी उघडझाप करायला लागली आणि मग बंद पडली. सप्लाय पीओपीच्या आत, वारा नाही, हात घालायला झडप नाही. तो बदलण्यासाठी नवीन छत कापावं लागलं. सगळ्यांनी पट्टीला नावं ठेवली, आणि पट्टी अजूनही चांगली आहे.

सप्लायच्या पोटात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्याबद्दल इंजिनिअरांचा एक ढोबळ नियम आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश असतात. पत्र्याखाली किंवा बंद छतात किती असतील ते तुम्हीच सांगा. चांगल्या सप्लायच्या माहितीपत्रकात एक आलेख असतो. ४० किंवा ५० अंशांनंतर त्याच्याकडून किती कमी काम घ्यायचं, ते त्यात दाखवलेलं असतं. तो आलेख आपल्या भागासाठीच काढला आहे असं समजा.

उघडझाप करणारी पट्टी दिसली की आणखी एक ओळखा. पट्टी सेकंदा-सेकंदाला लागत-विझत असेल तर बहुतेक वेळा सप्लाय स्वतःला वाचवत असतो. भार जास्त झाला किंवा कुठे शॉर्ट झाला की तो बंद होतो आणि पुन्हा चालू होऊन बघतो. त्याचं म्हणणं ऐका. मोठा फ्यूज घालून त्याचं तोंड बंद करू नका.

तिसरी पायरी अंतराची. ती आपल्या दोन तालुक्यांतल्या माणसांइतकी लवकर कुणालाच कळणार नाही.

नीरा डावा कालवा आपल्या सगळ्यांच्या लहानपणाचा भाग आहे. १८८० च्या दशकातला हा कालवा पुरंदर आणि बारामतीतून इंदापूरपर्यंत येतो. शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. हेडला पाणी भरपूर असतं. वाटेत झिरपतं, फाटे फुटतात, चाऱ्या निघतात, आणि टेलला आवर्तन येईपर्यंत काय उरतं, हे इथे बसलेल्या इंदापूरकरांना मी सांगायला नको. आपल्या वर्गात बारामतीकर आणि इंदापूरकर अशी भांडणं व्हायची, त्यातली निम्मी याच पाण्यावरची होती, आणि ती आपण घरून ऐकून आलेलो असायचो.

एलईडी पट्टी हा तसाच कालवा आहे. तिच्यातला तांब्याचा थर पातळ असतो. ५ मीटरच्या जाड पट्टीला १२ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात. ही सगळी धारा एका टोकाने आत शिरते आणि वाटेत वाटली जाते. दुसऱ्या टोकापर्यंत एक-दीड व्होल्ट सहज गळतात. मघाचं गणित आठवा, दीड व्होल्ट गेले म्हणजे टेलचा उजेड निम्मा. रंगीत पट्टीत तर पांढरा रंग टेलला लालसर दिसायला लागतो, कारण निळ्या आणि हिरव्या एलईडीला व्होल्ट जास्त लागतात आणि तेच आधी उपाशी राहतात.

अशा वेळी वायरमन काय करतो? जाळीच्या डब्यातल्या सप्लायवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की व्होल्टेज थोडं वाढतं. टेल उजळते, घरमालक खूश. पण हेडच्या एलईडींना गरजेपेक्षा जास्त मिळतं आणि ते आधी मरतात. हेडचं दार आणखी उघडल्याने टेलचा प्रश्न सुटत नाही, हेडची जमीन मात्र चोपण होते. हे कालव्यावर जितकं खरं, तितकंच पट्टीवर.

खरा उपाय ठिबक करणाऱ्याला ठाऊक आहे. लॅटरल लांब झाली की शेवटच्या ड्रिपरला दाब मिळत नाही. मग आपण मोटारीचा दाब वाढवत बसत नाही. सबमेन शेताच्या मधून नेतो आणि दोन्ही बाजूंना आखूड लॅटरल काढतो. पट्टीचंही तसंच करायचं. एका टोकाने १० मीटर ढकलण्यापेक्षा मधून वीज द्या, दोन्हीकडे पाच-पाच मीटर जाऊ द्या. नाहीतर सप्लायपासून वेगळी जाड वायर नेऊन दुसऱ्या टोकालाही जोडा.

आता पट्टीपर्यंतच्या वायरचं बघू. समजा सप्लाय पट्टीपासून १० मीटरवर आहे. धारा जाते आणि परत येते, म्हणून वायर धरायची २० मीटर. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.३५ ओहम. भार ७२ वॅटचा घेऊ. १२ व्होल्टवर धारा ६ अँपिअर. सहा गुणिले ०.३५ म्हणजे २.१ व्होल्ट वाटेतच गेले. बारातले दोन, शेकडा सतराच्या वर. हाच भार २४ व्होल्टवर घेतला तर धारा ३ अँपिअर आणि गळती १.०५ व्होल्ट. चोवीसातला एक, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. व्होल्टेज दुप्पट केलं की टक्क्यातली गळती एक चतुर्थांश होते. महावितरण आपल्या गावाच्या डीपीपर्यंत ११ हजार व्होल्टने वीज आणतं आणि तिथे उतरवतं, त्यामागचं कारणही हेच.

म्हणून, पट्टी पाच मीटरच्या पुढे जात असेल तर २४ व्होल्टची घ्या. सप्लाय पट्टीच्या जवळ ठेवा. दूर ठेवावाच लागला तर वायर अडीचची वापरा. आणि दोन सप्लाय लावले तर त्यांचे प्लस एकत्र जोडू नका. ज्याची पट्टी त्याला.

चौथी पायरी आपल्या गावच्या विजेची. सप्लायवर ‘इनपुट’ अशी ओळ असते. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि रात्री मोटारी बंद झाल्या की वर जातं, हा आपल्याकडचा अनुभव आहे. इनपुटचा पट्टा जेवढा रुंद तेवढा सप्लाय आपल्या कामाचा. १०० ते २४० किंवा त्याहून वरपर्यंत लिहिलेला असेल तर उत्तम. काही जाळीच्या डब्यांना बाजूला एक लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं. ते २३० वर आहे का, हे वीज जोडण्याआधी बघायचं. ११५ वर ठेवून २३० दिले तर पहिल्याच सेकंदाला सप्लाय संपतो.

पट्टीचा उजेड कमी-जास्त करायला काही घरांत पंख्याचा रेग्युलेटर लावलेला मी पाहिला आहे. तसं करू नका. साध्या सप्लायच्या आधी रेग्युलेटर लावला तर सप्लाय गोंधळतो आणि खराब होतो. डिमर हवा असेल तर सप्लाय आणि पट्टी यांच्या मध्ये लावायचा डीसी डिमर मिळतो, तो घ्या.

आता ज्यासाठी हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही, ते सांगते. गणपतीत आपण मखर करतो, मंडळाचा मंडप करतो. तिथे पोरं पाच-सहा वर्षांची, पावसाचे दिवस, जमीन ओली आणि हात प्रसादाचे. त्या आरासीत लावलेली पट्टी कोणती आहे, हे आपल्यापैकी कितीजण बघतात?

बाजारात दिसायला सारख्या दोन जाती आहेत. एक आपली १२ किंवा २४ व्होल्टची. दुसरी थेट २३० व्होल्टवर चालणारी, ५० किंवा १०० मीटरच्या रिळातून मीटरवर कापून मिळते. वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक असतं, आणि पिनेपाशी एक छोटा डबा. तो डबा म्हणजे सप्लाय नव्हे. त्यात फक्त एसीची डीसी होते, व्होल्ट उतरत नाहीत. अशी पट्टी कापली आणि टोक उघडं राहिलं, तर त्या टोकावर घरातल्या प्लगइतकी वीज असते. ओळखायची खूण सांगते : १२ व्होल्टच्या पट्टीवर कात्रीची खूण दर काही सेंटिमीटरला असते. २३० च्या पट्टीवर ती अर्ध्या मीटरला किंवा एक मीटरला असते, कारण तिथे डझनावारी एलईडी एकसर जोडलेले असतात. ही पट्टी उंचावर, कोरड्या जागी, टोपण नीट बसवून चालते. पोरांच्या हाताला येईल अशा मखरात ती नको.

१२ व्होल्टचीही एक अट आहे. सप्लायच्या आत २३० ची बाजू आणि १२ ची बाजू यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून आपण १२ ची बाजू हाताळू शकतो. फार स्वस्त डब्यात हे अंतर राखलेलं नसलं, तर पट्टीवर १२ लिहिलेलं असूनही तिच्यात घरची वीज येऊ शकते. आणि हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डब्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघायचा, इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा. एलईडीचे ड्रायव्हर आपल्याकडे सक्तीच्या नोंदणीत आहेत. क्रमांक नसलेला डबा निम्म्या किमतीत मिळतो, पण ती बचत कुणाच्या जिवावर करायची ते ठरवा.

धातूच्या डब्याला अर्थिंग हवंच. मंडपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पावसात सप्लाय उघड्यावर असेल तर पूर्ण सीलबंद, आयपी ६७ लिहिलेला घ्या. जाळीचा डबा फक्त पेटीत, आणि पेटीला हवा खेळती. १२ व्होल्टने झटका बसत नाही, पण आग लागू शकते. पिळून टेप लावलेल्या सांध्यातून १० अँपिअर गेले की तो सांधा तापतो आणि शेजारी असतं कापड आणि थर्माकोल. सांधे डाग देऊन किंवा कनेक्टरने करायचे, पिळून नाही.

आषाढीच्या वारीबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्यातले बरेचजण सेवेला असतात. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. दिंड्यांच्या गाड्यांवर हल्ली पट्ट्यांची रोषणाई असते, ती गाडीच्या बॅटरीवर. ट्रॅक्टर किंवा जीपची बॅटरी नावाला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना तिथे १४ च्या वर व्होल्ट असतात. मघाचं गणित पुन्हा आठवा, धारा दुप्पटीकडे जाते. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकसर, म्हणजे २४, चालू गाडीत २८ च्या आसपास. ट्रकवर १२ ची पट्टी थेट लावली तर ती लगेच जळते. गाडीसाठी बॅटरी आणि पट्टीच्या मध्ये डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर लावा, जो इंजिन चालू असो-नसो नेमके १२ किंवा २४ देतो. आणि बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज घाला. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, आणि त्या गाडीत माणसं झोपलेली असतात.

आता आपल्या रंगमंचाकडे येते. आपल्या एका मित्राने टेप लावून मापं पाठवली आहेत. मंचाची रुंदी ८ मीटर, दोन्ही खांबांची उंची ४ मीटर. एकूण पट्टी १६ मीटर. मी २४ व्होल्टची, मीटरला १२० एलईडीची, ९.६ वॅटची पट्टी सुचवते. एकूण भार १५३.६ वॅट. ०.८ ने भागलं तर १९२, म्हणजे २०० वॅटचा एक सप्लाय पुरतो.

पण एक घेऊ नका, १०० वॅटचे दोन घ्या. मंचाच्या डाव्या आणि उजव्या वरच्या कोपऱ्यामागे, विंगेच्या भिंतीवर, एकेक बसवा. प्रत्येक कोपऱ्यातून ४ मीटर पट्टी खांबावरून खाली जाईल आणि ४ मीटर कमानीच्या मध्याकडे. प्रत्येक सप्लायवर भार ७६.८ वॅट, म्हणजे ८० टक्क्यांच्या आत. वीज कोपऱ्यातून दोन्हीकडे वाटली जाते, त्यामुळे कुठलीही टेल ४ मीटरच्या पुढे नाही. कमानीच्या मध्यावर दोन पट्ट्या भेटतील, पण त्या एकमेकींना जोडायच्या नाहीत. पट्टी ५ मीटरच्या रिळात येते. चार रिळं घेतली की प्रत्येकातला एक मीटर उरतो. तो शाळेच्या कपाटात ठेवायचा, दुरुस्तीसाठी. उद्या स्नेहसंमेलनाच्या ऐन नाटकात एक सप्लाय गेला, तर मंच अर्धा तरी उजळलेला राहील आणि पोरांचं नाटक थांबणार नाही. विजेचा खर्च किरकोळ आहे. तीन तासांच्या कार्यक्रमाला अर्ध्या युनिटच्या आसपास.

शेवटची विनंती शाळेतल्या आजच्या विज्ञान शिक्षकांना आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली भेट पहिल्या वर्षी हार घालून वापरली जाते. नंतर ती बिघडली तर कुणाला विचारायचं, ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून दोन्ही सप्लायच्या पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवू. त्यावर व्होल्ट, वॅट, पट्टीची लांबी, बसवल्याची तारीख आणि बदली सप्लाय कसा निवडायचा ते चार ओळींत लिहू. सोबत आपली बॅच शाळेला एक मल्टिमीटर देईल.

दरवर्षी दहावीच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एकदा हेडचं आणि टेलचं व्होल्टेज मोजावं, दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहावेत. हे २४ व्होल्टच्या बाजूलाच करायचं, २३० ची पेटी बंद असताना. दोन आकड्यांतला फरक वाढला तर कुठला तरी सांधा सैल झाला आहे. दोन्ही आकडे सारखेच खाली आले तर सप्लाय म्हातारा झाला आहे. ओहमचा नियम पाठ करायला ही मुलं कंटाळत असतील, आपणही कंटाळायचो. पण नाटकाच्या आदल्या दिवशी कमानीच्या मध्यावर उजेड का कमी झाला, हे शोधायला त्यांना तो लागेल.

सर, बाई, तुम्ही फळ्यावर शिकवलेल्या तीन सूत्रांवर मी वीस मिनिटं बोलले आणि त्यातलं एकही कॉलेजात नव्याने शिकावं लागलं नव्हतं. ग्रुपवरची वर्गणी अजून थोडी कमी पडते आहे. नोंदणी क्रमांक असलेले सप्लाय आणि अडीचची वायर यांचा खर्च धरून खजिनदार आज जेवणाआधी आकडा सांगतील. रंग कोणता घ्यायचा, त्याचं मतदान जेवणानंतर.